खरे सांगणारा काटा

एकोणिसावे शतक हे वाफेचे शतक होय. या शतकात मनुष्याने वाफेला गिरणीस जुंपले, आगगाडीस जुंपले आणि जहाजासही जुंपले. पूर्वी शंभर माणसांना जे काम दिवसभर पुरे, ते एक बाष्पयंत्र काही तासांत उरकू लागले. परंतु ही नवी दासी मोठी सामर्थ्यवान, तशीच मोठी कोपिष्टही होती. लोखंडाच्या बॉयलरमध्ये पाणी तापवून तिला कोंडून ठेवावे लागे. आतील दाब मर्यादेत असेपर्यंत ती निमूटपणे चाके फिरवी. मर्यादा ओलांडली की बॉयलरच्या चिंधड्या उडवी. कोळसा घालणारे कामगार, यंत्रचालक आणि आसपासचे निरपराध लोक अशा स्फोटांत प्राणास मुकत. त्या काळात युरोपात व अमेरिकेत असे अपघात वरचेवर होत असत.

बॉयलरला बाहेरून पाहून आतील दाब किती आहे हे कळत नाही. दाब कमी असो की प्राणघातक असो, लोखंडाचे ते जाड कवच सारखेच दिसते. दाब फार वाढल्यास आपोआप उघडणारी सुरक्षा झडप बॉयलरवर बसवलेली असे हे खरे. पण यंत्राने अधिक जोराने चालावे या हव्यासाने काही चालक त्या झडपेवर जादा वजन ठेवीत. मग झडप उघडत नसे, आणि संकट जवळ आले आहे हे सांगणारे दुसरे कोणीच उरत नसे. बॉयलरच्या पोटातील दाब प्रत्येक क्षणी बाहेर दाखवील असे साधे, टिकाऊ आणि विश्वासू साधन हवे होते. ते साधन ज्याने जगाला दिले, त्याचे नाव यूजीन बूर्दों. आपल्याकडील कारखान्यांत आणि तंत्रशाळांत त्याच्या नावाचा उच्चार बोर्डन असा होतो व त्याच्या उपकरणाला बोर्डन गेज असे म्हणतात.

यूजीन बूर्दों याचा जन्म ८ एप्रिल १८०८ रोजी फ्रान्सची राजधानी पॅरिस येथे झाला. त्याचे वडील व्यापारी होते. मुलानेही आपली पेढी सांभाळावी अशी त्यांची इच्छा होती. व्यापाराला परकी भाषा अवगत असणे उपयोगी पडते, म्हणून यूजीनला जर्मनीतील न्यूरेंबर्ग या शहरी धाडण्यात आले. तेथे तो दोन वर्षे राहिला व जर्मन भाषा शिकला. न्यूरेंबर्ग हे घड्याळे, खेळणी आणि धातूच्या नाजूक वस्तू यांच्यासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध असलेले नगर. मुलाचे मनही हिशेबाच्या वह्यांपेक्षा यंत्रांकडेच ओढ घेणारे होते. इ. स. १८३० मध्ये वडील वारले. आता त्याला आपला मार्ग आपणच निवडायचा होता. त्याने पेढीचा मार्ग सोडला आणि उपकरणे तयार करणाऱ्या एका कारागिराकडे काम धरले. व्यापाऱ्याचा मुलगा कानस व हातोडी हाती घेऊन धातूचे काम शिकू लागला.

इ. स. १८३२ मध्ये त्याने पॅरिसमध्ये स्वतःचा लहानसा कारखाना काढला. त्याच वर्षी त्याने देशातील उद्योगधंद्यांना उत्तेजन देणाऱ्या एका मान्यवर संस्थेपुढे बाष्पयंत्राची एक प्रतिकृती ठेवली. तिच्यात एक मोठी गंमत होती. खऱ्या यंत्रात ज्या लोखंडी नळकांड्यात दट्ट्या मागेपुढे सरकतो, ते नळकांडे त्याने काचेचे केले होते. त्यामुळे वाफ आत शिरून दट्ट्याला कशी ढकलते, हे पाहणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येई. पुढे त्याने अशी लहान बाष्पयंत्रे दोनशेहून अधिक तयार केली, आणि शिक्षणसंस्थांनी ती विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी घेतली. जे झाकलेले आहे ते उघड करून दाखवावे, हा बूर्दोंच्या बुद्धीचा कल याच कामात दिसून येतो. इ. स. १८३५ मध्ये त्याने आपला कारखाना मोठ्या जागेत नेला. तेथे तो बाष्पयंत्रे आणि त्यांना लागणारी नाना प्रकारची साधने बनवू लागला.

बाष्पयंत्रे बनवणाऱ्याला दाबाचा प्रश्न टाळता येत नाही. त्या काळी दाब मोजण्यासाठी पाऱ्याचा उपयोग करीत. काचेच्या उभ्या नळीत पारा भरून तिचे खालचे टोक बॉयलरला जोडत. वाफ पाऱ्याला ढकली आणि पारा नळीत वर चढे. किती चढला हे पाहून दाब किती हे कळे. ही रीत अत्यंत खरी होती. पण ती गैरसोयीचीही होती. आपल्याभोवतालच्या हवेचा जेवढा दाब आहे, तेवढाच दाब अधिक झाला, तर पारा ७६ सेंटीमीटर वर चढतो. दाब त्याच्या पाचपट असेल, तर पारा चढण्यासाठी जवळजवळ ४ मीटर उंचीची नळी लागते. गिरणीच्या भिंतीला अशी नळी कशीबशी उभी करता येईल. पण धावत्या, हादरणाऱ्या आगगाडीच्या इंजिनावर ती कशी टिकावी?

नळी आखूड करण्यासाठी काहींनी तिचे वरचे टोक बंद करून आत हवा कोंडली. पारा वर चढला की ही हवा दाबली जाई. पण या युक्तीत एक मोठा दोष होता. समजा, कोंडलेल्या हवेची उंची ९० सेंटीमीटर आहे. दाब दुप्पट झाला की ती सुमारे ४५ सेंटीमीटर होते. हा फरक कोणालाही दिसेल. परंतु दाब नऊपटींवरून दहापटींवर गेला, तर ती उंची सुमारे १० सेंटीमीटरवरून ९ सेंटीमीटरवर येते. म्हणजे दाब जसजसा अधिक, धोका जसजसा जवळ, तसतसे त्या नळीचे सांगणे अस्पष्ट! जेव्हा मोठ्याने ओरडायला हवे, तेव्हाच ती पुटपुटू लागे.

बूर्दोंला या प्रश्नाचे उत्तर एका बिघडलेल्या कामात सापडले. बाष्पयंत्रासाठी त्याच्या कारखान्यात धातूची नळी मळसूत्रासारखी वळवण्याचे काम चालले होते. वळवताना नळी दबली व चपटी झाली. गोल नळी हवी होती. अशी चपटी नळी निरुपयोगी होती. ती पूर्ववत गोल करावी म्हणून तिचे एक टोक बंद करण्यात आले आणि दुसऱ्या टोकाने पंपाने आत पाणी दाबण्यात आले. आतील पाण्याच्या दाबाने चपटी नळी फुगून गोल होऊ लागली. पण त्याबरोबरच आणखी एक गोष्ट घडली. नळीची वेटोळी आपोआप उलगडू लागली!

दुसऱ्या एखाद्या कारागिराने वाकडी झालेली ती नळी भंगारात टाकली असती. बूर्दों मात्र तेथे थांबला व विचार करू लागला. दाब वाढवला की नळी किती उलगडते? दाब काढून घेतला की ती पुन्हा पहिल्या जागी येते काय? दर वेळी सारख्याच दाबाला ती सारखीच उलगडते काय? त्याने प्रयोग करून पाहिले. दाब एका मर्यादेत राखला, तर नळी ठरावीक प्रमाणात उलगडते आणि दाब जाताच पूर्वस्थितीला येते, असे त्याला आढळले. मग ही नळी दाब मोजू शकेल हे उघडच होते.

आपल्या जत्रेत कागदी जिभेची पिपाणी विकत मिळते. तिच्यात फुंकर मारली की गुंडाळलेली जीभ सरळ होते, आणि फुंकर थांबताच ती पुन्हा गुंडाळली जाते. बूर्दोंची नळी या पिपाणीचीच बहीण म्हणता येईल. मात्र ती पितळेसारख्या लवचीक धातूची असते आणि तिचे टोक फारच थोडे, काही मिलिमीटरच हलते. एवढी अल्प हालचाल डोळ्यांना सहज दिसत नाही. म्हणून नळीच्या टोकाला तरफ जोडून ती हालचाल वाढवतात व एका काट्याला देतात. पुढे यासाठी दंतचक्रेही वापरली जाऊ लागली. काटा तबकडीवर फिरतो, आणि तबकडीवरील आकड्यांवरून दाब कळतो. नळी, तरफ, काटा आणि तबकडी. एवढ्यावर सारे काम भागले. पाऱ्याची गरज उरली नाही, उंच काचेची गरज उरली नाही. वितभर रुंदीच्या डबीत बॉयलरचे सारे अंतरंग दिसू लागले.

इ. स. १८४९ मध्ये बूर्दोंने या उपकरणाचे एकस्व, म्हणजे पेटंट, घेतले. दोन वर्षांनी, इ. स. १८५१ मध्ये, लंडन येथे सर्व राष्ट्रांच्या उद्योगांचे मोठे प्रदर्शन भरले. तेथे बूर्दोंच्या दाबमापकाला सर्वोच्च पदक मिळाले. फ्रान्सच्या सरकारनेही त्याचा गौरव केला. इ. स. १८५२ मध्ये एडवर्ड ॲशक्रॉफ्ट या उद्योजकाने अमेरिकेत हे उपकरण बनवण्याचे हक्क घेतले. आगगाड्यांची इंजिने, आगबोटी आणि गिरण्या यांवर हा गोल डोळा दिसू लागला. यंत्रचालकाला आता अंदाजावर विसंबून राहण्याचे कारण नव्हते. काटा लाल खुणेजवळ आला की आग कमी करावी, हे त्याला जागच्या जागी कळू लागले.

यशाबरोबर वादही आला. ल्यूसियाँ व्हिदी या फ्रेंच संशोधकाने काही वर्षांपूर्वीच हवेचा दाब मोजणारा बिनपाऱ्याचा वायुभारमापक शोधून काढला होता. त्यात हवा काढून घेतलेली धातूची पातळ डबी असे, आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने ती कमीअधिक दबे. बूर्दोंनेही आपल्या नळीचा उपयोग करून वायुभारमापक बनवला, तेव्हा व्हिदीने आपल्या हक्कावर आक्रमण झाले म्हणून न्यायालयात दाद मागितली. हा वाद पुष्कळ वर्षे चालला आणि त्याचा अखेरचा निकाल व्हिदीच्या बाजूने लागला. बूर्दोंच्या आयुष्यातील हा प्रसंग झाकून ठेवण्याचे कारण नाही. धातूच्या लवचीकपणाने दाब मोजता येतो, ही कल्पना एकट्याची नव्हती. पण बॉयलरसारख्या ठिकाणचा मोठा दाब सहन करील आणि खरा दाखवील, अशी वळलेली नळी मात्र बूर्दोंचीच म्हणून जगाने मानली.

काटा फिरू लागला म्हणजे तो खरेच सांगतो असे मात्र नाही. धातूची नळी ही दीर्घकाळ सेवा करणाऱ्या सेवकासारखी असते. ती थकते. हजारो वेळा उलगडून व गुंडाळून तिचा ताठपणा किंचित बदलतो, आणि मग दाब नसतानाही काटा शून्यावर येत नाही. कडक वाफ सरळ आत शिरली तर नळी तापते व चुकीचा दाब दाखवते. म्हणून बॉयलर आणि गेज यांच्यामध्ये वळसा दिलेली एक नळी ठेवतात. त्या वळशात थंड झालेले पाणी साठून राहते व वाफेला गेजपर्यंत पोहोचू देत नाही. यंत्राच्या हादऱ्यांनी काटा थरथरतो, म्हणून कित्येक गेजमध्ये ग्लिसरीनसारखा दाट द्रव भरतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गेजवरील आकडे मनाने लिहिता येत नाहीत. ज्याचा खरेपणा निश्चित आहे अशा मापाशी ताडून पाहूनच ते लिहावे लागतात. त्या काळी ते खरे माप म्हणजे पूर्वीचा पाराच होता! बूर्दोंच्या नळीने पाऱ्याला बॉयलरवरून हटवले खरे, पण परीक्षकाच्या आसनावरून नाही.

बूर्दोंचे लक्ष आयुष्याच्या अखेरपर्यंत मोजमापाच्या उपकरणांवरच होते. इ. स. १८७२ मध्ये त्याने कारखान्याचा भार पुढच्या पिढीच्या हाती सोपवला. पण स्वतः प्रयोग करणे सोडले नाही. आता त्याने वाऱ्याचा वेग मोजण्याचे काम हाती घेतले होते. मध्यभागी अरुंद होत जाणाऱ्या नळीतून वारा वाहू लागला की त्या अरुंद जागी त्याचा वेग वाढतो व दाब घटतो. हा घटलेला दाब मोजला तर वाऱ्याचा वेग सांगता येतो. या तत्त्वावर त्याने वायुवेगमापक तयार केला. वयाची पंचाहत्तरी उलटली होती, तरी उपकरणाची परीक्षा तो स्वतःच करी. अशीच परीक्षा करीत असता तो पडला, आणि त्या दुखापतीने २९ सप्टेंबर १८८४ रोजी पॅरिस येथे त्याचे देहावसान झाले. ज्याने मापाच्या खरेपणासाठी जन्म घालवला, त्याचा अंतही माप पारखतानाच व्हावा, हा एक विलक्षण योगच होय.

त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी त्याच पॅरिस शहरात दाबमापकांच्या परीक्षेची एक अद्भुत सोय झाली. आयफेल मनोरा नुकताच उभा राहिला होता. लुई काय्यते या शास्त्रज्ञाने इ. स. १८९१ मध्ये त्या मनोऱ्याच्या आधाराने पाऱ्याची सुमारे ३०० मीटर उंचीची नळी चढवली. तिच्या साहाय्याने हवेच्या दाबाच्या ४०० पटींपर्यंतचा दाब मोजता येई, आणि इतर गेज तिच्याशी ताडून पाहता येत. वितभर गेजचे बोलणे खरे की खोटे हे ठरवण्यासाठी माणसाने मनोऱ्याएवढी उंच साक्ष उभी केली!

बूर्दोंच्या हयातीतच दाब मोजण्याच्या एका निराळ्या मार्गाची चाहूल लागली होती. इ. स. १८५६ मध्ये ब्रिटनमधील थोर शास्त्रज्ञ विल्यम थॉमसन, जो पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने प्रसिद्ध झाला, त्याने असे दाखवून दिले की धातूची तार ताणली असता तिच्यातून वीज जाण्यास होणारा विरोध बदलतो. इ. स. १९५४ मध्ये अमेरिकेत चार्ल्स स्मिथ याने सिलिकॉन व जर्मेनियम या पदार्थांत हा बदल फार मोठा असतो असे सिद्ध केले. यातूनच पुढे इलेक्ट्रॉनिक दाबमापक निर्माण झाला. त्यात सिलिकॉनचा अतिशय पातळ पडदा असतो. दाबाने तो किंचित वाकतो, विजेचा विरोध बदलतो, आणि त्या बदलावरून यंत्र दाबाचा आकडा दाखवते.

आज हे दोन्ही दाबमापक मोटारगाडीत पाहावयास मिळतात. आल्फ्रेड ब्यूशी या स्विस अभियंत्याने इ. स. १९०५ मध्ये एका नव्या युक्तीचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरवायचे, आणि त्या चाकाकडून ताजी हवा दाबून इंजिनात भरायची, अशी ती युक्ती. हिलाच टर्बोचार्जर म्हणतात. इ. स. १९६२ मध्ये अमेरिकेत असे इंजिन असलेल्या मोटारी विक्रीस आल्या. अधिक हवा मिळाली की अधिक इंधन जळते व इंजिनाची शक्ती वाढते. पण हवेचा दाब मर्यादेबाहेर गेला, तर इंजिनच निकामी होते. बॉयलरचा जुना प्रश्न येथे पुन्हा नव्या वेषात उभा राहिला: आतील दाब किती?

यांत्रिक गेजला इंजिनापासून चालकासमोरच्या फळीपर्यंत एक बारीक नळी आणावी लागते. तिच्यातून आलेली हवा बूर्दोंच्या नळीला उलगडते व काटा फिरतो. त्याला विजेची गरज नाही. मात्र ती बारीक नळी कोठे मुडपली, चिरली किंवा तेलाच्या वाफांनी तुंबली, तर काटा उशिरा हलतो अथवा कमी दाब दाखवतो. इलेक्ट्रॉनिक गेजचा पडदा इंजिनाजवळच बसवता येतो. चालकापर्यंत फक्त तार येते. तो त्वरेने उत्तर देतो आणि त्याचे आकडे संगणकात नोंदवून ठेवता येतात. पण उष्णतेने त्याचेही सांगणे ढळू शकते, म्हणून त्यात दुरुस्तीची सोय करावी लागते. आणि तारेचा जोड सैल झाला, तर तोही चुकीचा आकडा तितक्याच ऐटीने दाखवतो. दशांश चिन्हापुढे दोन अंक झळकले म्हणजे माप अचूक झाले, असे समजणे ही मोठी फसगत होय. उत्तम घडवलेली पितळेची नळी हलक्या प्रतीच्या इलेक्ट्रॉनिक गेजपेक्षा खरी ठरू शकते, आणि काळजीपूर्वक पारखलेले इलेक्ट्रॉनिक गेज थकलेल्या नळीपेक्षा कितीतरी खरे ठरते. दोघांपैकी खरा कोण, हे त्यांच्या जातीवरून ठरत नाही. ज्या मापाचा खरेपणा सिद्ध झालेला आहे, त्याच्या शेजारी दोघांना उभे केले म्हणजेच ते ठरते.

बूर्दोंच्या गेजचे पेटंट निघाल्याला पावणेदोनशे वर्षे लोटली. तरीही साखर कारखान्याच्या बॉयलरवर, प्राणवायूच्या सिलिंडरवर, टायरमध्ये हवा भरणाऱ्या पंपावर त्याचा तो गोल चेहरा आजही आढळतो. काट्यामागे तीच वळलेली नळी बसलेली असते. तिचा शोध एका बिघडलेल्या कामातून लागला, कारण ते काम बिघडवणारी गोष्ट कोणती, हे पाहण्याइतका धीर बूर्दोंजवळ होता. आणि ती नळी आजवर विश्वासास पात्र राहिली, कारण वेळोवेळी तिची परीक्षा घेणारी माणसे तिच्यामागे उभी राहिली. काट्यापुढे उभा राहणारा कामगार त्याच्या भरवशावर आपला जीव ठेवतो. त्या भरवशाला काट्याने पात्र असावे, एवढ्यासाठीच ही सारी खटपट.